आडव्या रेघेचे व्याही

१० जून, मंगळवार. शाळा सोमवारी उघडणार आणि गणवेशाच्या चाळीस शर्टांना काजं करायची राहिलेली, म्हणून सकाळी स्वयंपाक आटोपून मी धाराशिवच्या माझ्या दुकानात मशीनवर बसले होते. तेवढ्यात अणदूरहून लेकीचा फोन आला, की माझ्या व्याह्यांनी तिचा कागद अजून परत दिलेला नाही. कागदाचं पुढं सांगते, आधी माणूस सांगायला हवा. लग्नात वरबाप कशाकशासाठी रुसतो हे आपल्याकडं सगळ्यांना पाठ आहे. अंगठी, घड्याळ, मानाचा फेटा, काहीच नाही तर वरणातलं मीठ. इंग्रजीतल्या एका दोन अक्षरी शब्दासाठी भरल्या ताटावरून उठलेला वरबाप मात्र साऱ्या मराठवाड्यात एकच झाला असेल, आणि तो माझ्या वाट्याला आला.

सहा वर्षं झाली त्याला. लग्नाची पत्रिका आम्ही धाराशिवला छापून घेतली, एका बाजूला मराठी आणि एका बाजूला इंग्रजी, कारण जावयाचे चार मित्र हैदराबादचे. कच्ची प्रत व्याह्यांकडं पाठवली होती. ती तिसऱ्या दिवशी आली ती देवीच्या मळवटासारखी लाल होऊन. छापणारा म्हणाला, सगळ्यांच्या पत्रिकेत असंच असतं, आजवर कुणाचं लग्न अडलं नाही. आणि त्यानं छापायचं तेच छापलं. लग्नाच्या आदल्या दिवशी पंगत बसली, व्याह्यांनी पहिला घास हातात घेतला आणि समोर मांडवाच्या खांबाला लावलेली पत्रिका त्यांना दिसली. घास ताटात ठेवून ते उठले. माझा भाऊ हात जोडून पुढं झाला, काय राहिलं, काय चुकलं, सांगा म्हणाला. व्याही म्हणाले, अमक्याचं लग्न तमक्याशी हे इंग्रजीत सांगताना 'विथ' लागत नाही, 'टू' लागतो. मी लाल करून दिलं होतं. भावाला आधी वाटलं 'टू' म्हणजे दोन काहीतरी मागतायत. समजल्यावर त्यानं खिशातला पेन काढला, खांबावरच्या पत्रिकेत दुरुस्ती केली, आणि व्याही बसले. जेवले मात्र पोटभर. जिलेबी दोनदा घेतली.

अणदूर आणि आसपासच्या शाळांत त्यांनी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळं सारा गाव त्यांना सर म्हणतो आणि मीही म्हणते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण ते फक्त शाळेतून. खिशात लाल पेन असतोच. शिवाय घड्याळाच्या पट्ट्यावर, वायरमन वापरतात त्या काळ्या चिकटपट्टीचे बारीक कापलेले तुकडे चिकटवलेले असतात. हे तुकडे म्हणजे हायफन. दोन इंग्रजी शब्द जोडणारी ती छोटी आडवी रेघ रंगवायला बोर्ड रंगवणारे विसरतात, म्हणून सर ती स्वतः लावत फिरतात. नाक्यावरच्या टू-व्हीलर गॅरेजवाल्याच्या बोर्डावर त्यांनी स्टुलावर चढून एक तुकडा लावला. गॅरेजवाल्याला वाटलं पत्र्याला चीर गेली. त्यानं तो काढला, सरांनी दुसऱ्या दिवशी लावला, त्यानं पुन्हा काढला. हे पंधरा दिवस चाललं. शेवटी तो म्हणाला, "असू द्या सर, लावा तुमची रेघ. पर खाली उतरताना पान्यावर पाय देऊ नका." त्या दिवशी सर घरी आले ते एखादी निवडणूक जिंकल्यासारखे.

रेघ कुठं द्यायची आणि कुठं नाही, हे ते सोयरिकीच्या भाषेत समजावतात. दोन शब्द मिळून एखाद्या नामाच्या दारात चालले असतील तर नवराबायकोनं जोडीनं जायचं, मध्ये गाठ बांधून. तेच नामाच्या मागं, वाक्याच्या शेवटी आले की आपल्या घरी आले; मग गाठ सोडायची, त्यानं त्याच्या कामाला लागायचं आणि तिनं तिच्या. मी शिवणकाम करणारी बाई, मला इंग्रजी बेताचं, पण ही गोष्ट मी एकदाच ऐकली आणि परत विसरले नाही. त्यांचे विद्यार्थीही विसरत नाहीत. एक जण आता सैन्यात आहे. तो सुटीवर आला की म्हणतो, सर, लग्न झालं पण गाठ वर्षातून एक महिनाच लागते.

बारक्या शब्दांचं तर विचारूच नका. इन, ऑन, अ‍ॅट यांना ते 'बारकी मंडळी' म्हणतात, आणि मोठ्या शब्दांपेक्षा त्यांचाच मान जास्त राखतात. मोठा शब्द चुकला तर माणूस परका वाटतो, बारका चुकला तर अडाणी, असं त्यांचं मत. एसटीत आपण उभं राहून चालू शकतो म्हणून 'ऑन', मोटारीत वाकून बसावं लागतं म्हणून 'इन'. हे सांगताना एकदा वर्गात कुणीतरी विचारलं, की नळदुर्गला जाणाऱ्या काळी-पिवळी जीपला काय म्हणायचं? आत सोळा जण वाकून बसलेले, मागं चार जण उभे, टपावर दोन. सर म्हणाले, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन टपावर बसून आले आणि म्हणाले, ज्याचं तिकीट जिथलं त्याला तो शब्द. पण 'अ‍ॅट' आणि 'इन'वरून मात्र गाव त्यांच्यावर खरंच रागावलं. मोठ्या शहरात पोचलो तर 'इन' आणि लहान ठिकाणी पोचलो तर 'अ‍ॅट', असं त्यांनी सांगितलं, आणि उदाहरणादाखल सोलापूरला 'इन' दिला, अणदूरला 'अ‍ॅट'. संध्याकाळी पारावर चारपाच जण त्यांना अडवून उभे. आमचं गाव बारकं व्हय? खंडोबाच्या जत्रेला किती माणूस येतं ठाऊक न्हाय का? सरांनी तिथंच तोड काढली. जो नुसता उतरून पुढं जाणार त्याला 'अ‍ॅट', जो इथं राहतो त्याला 'इन'. गाव शांत झालं. मी विचारलं, हे नियमात बसतं का? म्हणाले, बसतंय, आणि नाही बसलं तर सांगणार कुणाला?

अशा घरात माझी लेक सुवर्णा सून म्हणून गेली. ती नळदुर्गच्या एका दवाखान्यात नर्स आहे. मला धाकधूक होती, कारण तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं म्हणजे पोटापुरतं. पहिल्याच महिन्यात तिनं घरी बसून दवाखान्याचा काहीतरी अहवाल लिहिला आणि त्यात 'टेन', 'डे', 'ओल्ड', 'बेबीज' असे शब्द नुसते एकापुढं एक ठेवले. सर म्हणाले, पोरी, यात एक रेघ दिली तर एकेका दिवसाची दहा बाळं होतात, आणि दोन रेघा दिल्या तर दहा दिवसांची बाळं. तुझ्या दवाखान्यात नक्की काय आहे? ती घाबरली, मग हसली, आणि तिथून त्यांचं जमलं. ती ड्यूटीवरून आली, हातपाय धुतले, चहा झाला, की दोघं ओट्यावर बसून एकेका वाक्यावर भांडायची. ती मामा मामा म्हणत हटून बसायची, ते पुस्तकं काढायचे. माझे जावई ठिबक सिंचनाचं दुकान चालवतात आणि दिवसाला मोजून वीस शब्द बोलतात; ते मध्ये पडायचे नाहीत. विहीणबाई आतून ओरडायच्या की एकदाचं काय ते ठरवा, भाकरी गार होतीय.

या भांडणातून एक रीत पडली. त्या घरातून इंग्रजीत लिहिलेला कुठलाही कागद बाहेर जायचा तर सरांच्या हातून जायचा. ते वाचणार, लाल करणार, परत देणार, मग तो जाणार. जावयाचं पाइपांच्या कंपनीला पत्र असो, की नातीच्या बालवाडीचा अर्ज. हळूहळू कागद परत देणं म्हणजेच परवानगी देणं झालं. तोंडानं हो-नाही कुणी विचारत नव्हतं आणि तेही सांगत नव्हते.

आणि आता त्यांच्याकडं अडलेला कागद साधा नव्हता. बंगळुरूच्या एका मोठ्या रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं वर्षभराचं प्रशिक्षण असतं. राहायची सोय तिथंच. आपल्याला ते का करायचं आहे, हे एका पानात इंग्रजीत लिहून पाठवायचं, त्यावरून निवड. नळदुर्गला अशक्त बाळ जन्मलं की सोलापूरला हलवावं लागतं आणि सुवर्णा ते मांडीवर घेऊन गाडीत बसते. सगळी बाळं सोलापूरपर्यंत पोचत नाहीत. तिनं तेच लिहिलं होतं. रीतीप्रमाणं कागद सरांना दिला, त्याला नऊ दिवस झाले होते, आणि शेवटची तारीख उद्याची. पत्र तिच्या फोनमध्ये होतंच, बोट टेकवायचा अवकाश; पण त्यांच्या हातून आल्याशिवाय ती पाठवणार नव्हती. चार वर्षांची पोर मागं ठेवून जायचं तर घराचं मन हवं, असं तिचं म्हणणं, आणि ते चूक नव्हतं. नवऱ्याचा होकार होता, वीसपैकी दोन शब्द त्यानं त्यावर खर्च केले होते. सासरे मात्र बोलत नव्हते आणि कागद सोडत नव्हते. "आई, मी दोनदा कसं मागू? तू ये. तुला ते नाही म्हणू शकत नाहीत," ती म्हणाली.

मी शर्ट तसेच टाकले, दुकानाला कुलूप लावलं आणि तुळजापूर, नळदुर्ग करत अडीच वाजता अणदूरला पोचले. सर ओट्यावरच होते. भोवती पाचसहा जाडजूड पुस्तकं, हातात भिंग आणि मांडीवर तो कागद, नातीचा हात लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला.

"या विहीणबाई, पाणी घ्या," ते म्हणाले.

मी म्हटलं, पाणी घेईन, आधी कागद द्या.

आतून विहीणबाईंचा आवाज आला, "द्या म्हणावं एकदाचं. नऊ दिवस झालं, जेवताना बी मांडीवर असतंय. कागद हाय का नातू, म्या इचारलं."

सर भिंगातून कागदाकडंच बघत राहिले. मला आडवळणं येत नाहीत, आणि दुकानात चाळीस शर्ट पडले होते. मी समोर बसले आणि सांगितलं, "सर, पाठवायचं नसेल तर तसं बोला. लेकरू लहान आहे म्हणा, घर अडतं म्हणा. मी तिची समजूत काढीन. पण गप्प बसून तारीख टळू द्यायची, हे तुम्हाला शोभत नाही."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. म्हणाले, "तसं म्हणायचं असतं तर पहिल्याच दिवशी म्हणलो असतो." मग, एखादा गुन्हा कबूल करावा तसं, "चूक सापडंना, विहीणबाई."

मला वाटलं थट्टा करतायत. पण नाही. त्यांनी तो कागद वरून खाली वाचला होता. मग मजकुराच्या अर्थामध्ये मन गुंतू नये म्हणून शेवटच्या वाक्यापासून वर वाचला होता. प्रत्येक बारका शब्द कोशात काढून पाहिला होता. एका रेघेचा संशय आला म्हणून पुण्याला प्राध्यापक असलेल्या जुन्या विद्यार्थ्याला फोन केला, आणि तो म्हणाला, सर, बरोबर आहे, कुणी लिहिलंय? आता विहीणबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी मला खरी अडचण सांगितली. या माणसानं जन्मात एक कागद कोरा परत दिलेला नाही. तालुक्यात पहिल्या आलेल्या पोराच्या पेपरावरसुद्धा, काही सापडलं नाही तेव्हा एका टिंबाभोवती गोल केला होता. "लगीन ठरल्यावर म्या दोन पत्रं धाडली व्हती. मराठीत. ती बी तांबडी करून माघारी आली. माझा बाप म्हणला, सोयरीक मोडू का?"

सर जरा हसले, पण लगेच कागदाकडं बघायला लागले. "खूण नसली तर मास्तरनं वाचलंच न्हाय असं होतंय. आणि नसलेली चूक कशी काढू? तिनं असं लिहिलंय की..." मग खालच्या आवाजात म्हणाले, "चूक निघाली असती तर ती दुरुस्त करायला दोन दिवस लागले असते. तेवढे दिवस मिळाले असते."

"कशाला?"

"सवय करून घ्यायला."

मला असल्या वेळी काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून मला माहीत होतं तेच सांगितलं. "सर, सवय आधी होत नसते. माणूस गेल्यावर होते. मी माझी एकुलती एक तुमच्याच घरी पाठवलीय, मला विचारा." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. या सहा वर्षांत त्यांनी माझं एकही वाक्य दुरुस्त न करता सोडलं नव्हतं. हे सोडलं.

मग मी कामाचं बोलायला घेतलं. पोर कुणाजवळ? विहीणबाई म्हणाल्या, तशीबी ती माझ्याच कुशीत झोपतीय. बालवाडीला कोण सोडणार? जावई, दुकानाच्या वाटेवर. दुखलंखुपलं तर? धाराशिवहून मी दोन तासांत येते, आणि एरवीही एक रविवार सोडून एक येईनच. असं एकेक ठरत गेलं आणि सरांनी सवयीनं ते सगळं एका पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून काढलं. विहीणबाईंनी त्यात भर घातली की अभ्यास तुम्ही घेऊ नका, पोरगी हसायची विसरंल. त्यावरून दोघांचं थोडं वाजलं, आणि मला बरं वाटलं. ज्या घरात पुढच्या वर्षाच्या कामांवरून भांडतात, तिथं जायचं ठरलेलं असतं.

सुवर्णा पाच वाजता आली. मला बघून तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं, आई समजूत काढायला आलीय. हातपाय धुऊन ती ओट्यावर आली तेव्हा सर उठून उभे राहिले. मोठ्या साहेबासमोरही ते कधी उभे राहिले नसावेत. त्यांनी पाकिटातून कागद काढला आणि तिच्या हातात दिला. तिनं पाहिला. उलटून पाठीमागं पाहिलं. परत पुढं.

"मामा, वाचलं न्हाई का?"

"नऊ डाव वाचलंय."

"मग?"

"मग काय. बरोबर हाय. धाड."

मग तिनं ते पत्र पहिल्या ओळीपासून स्वतःच वाचायला घेतलं, दुसऱ्या कुणी लिहिलेलं असावं तसं, सावकाश. संपल्यावर एकदा सासऱ्यांकडं बघितलं आणि जिन्यानं वर गेली, कारण त्या घरात फोनला रेंज फक्त गच्चीवर मिळते. तिच्यामागं नात गेली, नातीमागं विहीणबाई. जावई दुकानातून आले तेही गाडी लावून सरळ वर गेले. थोड्या वेळानं नातीनं कठड्यावरून ओरडून सांगितलं, "गेलं!" खाली आम्ही दोघंच. सर पुस्तकं गोळा करत होते, एकावर एक नीट रचत. गच्चीवरची सगळी माणसं खाली आल्यावर ते सुनेला म्हणाले, "तिथं कुणी तुझ्या लिहिण्यात चूक काढली तर गप बसू नको. मला कळव. ती चूक हाय का न्हाय, ते आपण बघू." ती हो म्हणाली. मग दोघांनीही चहा घेतला, आणि त्या दिवशी कुठल्याच वाक्यावर भांडण झालं नाही.

निवड होईल, न होईल. यादी लागायला महिना आहे. माझी शेवटची गाडी चुकल्यानं मी तिथंच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सुवर्णा लवकर ड्यूटीला गेल्यावर मी जावयांना अंगणात बोलावलं, नातीला त्यांच्यासमोर पाटावर बसवलं आणि त्यांच्या हातात फणी दिली. तेलाचा हात कसा लावायचा, भांग कसा सरळ पाडायचा, तीन पेड कसे धरायचे, हे एकदा करून दाखवलं आणि सोडून दिलं. त्यांनी पहिली वेणी घातली ती मानेपर्यंत येऊन सुटली. सर ओट्यावरून काहीतरी सांगायला लागले, त्यांना मी हातानंच थांबवलं. दुसरी वेणी जरा वाकडी झाली, पण टिकली. नात आरशात बघून आली आणि चालेल म्हणाली. मग मी रिबिनीची गाठ एकदा ओढून पाहिली आणि साडेनऊच्या गाडीला निघाले.